ऑस्करसोबत कोणते मासे राहू शकतात? मोठ्या माशाचे सोबती निवडताना काय पाहावे

दुकानातून पिशवीत भरून मिळणारा ऑस्कर जेमतेम दोन इंचांचा असतो. काळ्या अंगावर नारिंगी नक्षी, मोठे डोळे आणि माणूस जवळ आला की काचेकडे धावण्याची सवय, यामुळे तो पाहताक्षणी आवडतो. घरच्या दोन फुटी टाकीत गप्पी आणि मॉली आधीच असतात, त्यांच्यातच तो सोडला जातो. पहिले काही आठवडे सगळे ठीक दिसते. मग एके सकाळी दोन गप्पी कमी असतात, पुढच्या आठवड्यात एकही उरत नाही. वर्षभरात ऑस्कर आठ-दहा इंचांचा होतो आणि घरात प्रश्न उभा राहतो, की आता याचे करायचे काय?

वसई तालुक्यातल्या उमेळे गावासारख्या ठिकाणी हा प्रश्न घराच्या चार भिंतींत थांबत नाही. वसईच्या हरित पट्ट्यात बावखले आहेत, विहिरी आहेत, जवळच खाडी आहे. टाकीत न मावणारा मासा ‘मारण्यापेक्षा सोडून देऊ’ म्हणून जवळच्या पाण्यात सोडणे सोपे वाटते. सोबत्यांची निवड सुरुवातीला चुकली, की तिचा शेवट अनेकदा असा होतो. म्हणून पिशवीतला दोन इंची मासा विसरून, एक वर्षानंतरचा मासा डोळ्यांसमोर ठेवून ही निवड करावी लागते.

थोडक्यात

• पूर्ण वाढलेला ऑस्कर साधारण १२ ते १४ इंचांचा होतो आणि नीट ठेवल्यास १० ते १५ वर्षे जगतो.
• त्याच्या तोंडात मावेल असा कोणताही मासा सोबती होऊ शकत नाही.
• सिल्व्हर डॉलर, सेव्हरम आणि पुरेसा मोठा बिचिर हे तुलनेने भरवशाचे सोबती आहेत.
• फ्लॉवरहॉर्न, आफ्रिकन सिक्लिड, गोल्डफिश, एंजल आणि सगळे छोटे मासे टाळावेत.
• चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी एकट्या ऑस्करसाठी आहे. सोबती हवे असतील तर टाकी त्याहून मोठी लागते.

ऑस्कर मुळात कसा मासा आहे?

ऑस्करचे शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ऑसेलॅटस. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातल्या संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाने तो राहतो. सिक्लिड कुळातला हा मासा आहे. एंजल, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न आणि आपल्याकडच्या बाजारात मिळणारी तिलापिया ही त्याच कुळातली नातेवाईक मंडळी. शेपटीजवळचा डोळ्यासारखा गोल ठिपका ही ऑस्करची ओळख. बाजारात टायगर, रेड, अल्बिनो, लेमन अशी नावे ऐकू येतात. या बहुतेक माणसाने जोपासलेल्या रंगांच्या जाती आहेत, आणि त्यांचा आकार व स्वभाव सारखाच असतो.

ऑस्कर विनाकारण भांडणारा मासा नाही. फ्लॉवरहॉर्नच्या तुलनेत तो बराच शांत आहे. मात्र तीन गोष्टी त्याच्या स्वभावातच आहेत. तोंडात मावेल ते तो खातो. टाकीतला एक कोपरा स्वतःचा मानतो आणि त्यासाठी दगड, वाळू, झाडे उपसून इकडचे तिकडे करतो. आणि खूप खात असल्याने पाणी फार लवकर घाण करतो. सोबती निवडताना या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात.

सोबती निवडण्याच्या पाच कसोट्या

१. तोंड. ऑस्करचे तोंड दिसते त्यापेक्षा मोठे उघडते. सोबती लांबीला बरोबरीचा असला तरी सडपातळ असेल तर गिळला जाऊ शकतो. म्हणून लांबीबरोबर शरीराची उंची पाहावी. सिल्व्हर डॉलरसारखा ताटलीच्या आकाराचा मासा गिळणे अवघड जाते. निऑन टेट्रासारखा सुळसुळीत मासा एका घासाचा.

२. काटे. काही छोटे कॅटफिश ‘तळ साफ करतात’ म्हणून घेतले जातात. कोरीडोरास आणि पिक्टस ही त्यातली नेहमीची नावे. त्यांच्या परांना ताठ काटे असतात. ऑस्करने असा मासा तोंडात घेतला की काटे घशात अडकतात आणि दोघेही मरू शकतात. छोटा कॅटफिश म्हणूनच दुहेरी धोका आहे.

३. पाणी. ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सिअसचे, किंचित आम्लधर्मी ते उदासीन पाणी मानवते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या रंगीत सिक्लिडना जड आणि अल्कधर्मी पाणी लागते. गोल्डफिशला थंड पाणी हवे असते. एकाला मानवणारे पाणी दुसऱ्याला सतत त्रासाचे ठरत असेल, तर भांडण न होताही सोबत फसते.

४. स्वभाव. अति आक्रमक सोबती ऑस्करला जखमी करतो. अति भित्रा सोबती उपाशी राहतो, कारण खाणे पाण्यात पडताच ऑस्कर तुटून पडतो. सोबती चपळ, धीट, पण भांडखोर नसलेला असावा.

५. थर. टाकीत वरचा, मधला आणि तळाचा असे तीन थर धरले, तर ऑस्कर मुख्यतः मधल्या आणि खालच्या थरात वावरतो. सोबती वेगळ्या थरातला किंवा सतत पोहणारा असेल तर समोरासमोर येण्याचे प्रसंग कमी होतात.

चालणारे सोबती

सिल्व्हर डॉलर: पाच-सहा इंचांपर्यंत वाढणारा, चपटा, चकचकीत मासा. हा थव्यात राहणारा आहे, त्यामुळे एक-दोन घेऊ नयेत, किमान पाच-सहा घ्यावेत. एकटा पडला तर बिथरून काचेवर आपटतो. तो शाकाहारी असल्याने टाकीतली झाडे खातो, पण ऑस्करच्या टाकीत झाडे तशीही टिकत नाहीत.

येथे एक नेहमीची फसगत होते. मासळी बाजारात ‘रूपचंद’ नावाने विकला जाणारा मासा म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पाकू. त्याची पिल्ले सिल्व्हर डॉलरसारखी दिसतात आणि कधी त्या नावाने, तर कधी ‘पिरान्हा’ म्हणून शोभेच्या दुकानात विकली जातात. पाकू दोन फुटांच्या पुढे वाढू शकतो. पिल्लाचे पोट आणि गळा लालसर असेल तर घेण्याआधी नीट विचारावे.

सेव्हरम: सात-आठ इंचांचा, गोलसर अंगाचा, ऑस्करच्याच खोऱ्यातला सिक्लिड. पाणी आणि तापमान दोघांना सारखेच लागते. स्वभावाने बराच शांत. मात्र आणताना तो ऑस्करएवढा किंवा किंचित मोठा असावा.

बिचिर: सापासारखा लांबट, तळाशी राहणारा आफ्रिकी मासा. सेनेगल बिचिर दहा-बारा इंचांचा होतो. तो निशाचर आहे आणि त्याच्या अंगावर कठीण खवले असतात, त्यामुळे ऑस्कर सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण चार इंचांचे पिल्लू सोडले तर ते खाल्ले जाईल. सात-आठ इंचांचा झाल्यावरच सोडावा. बिचिर उडी मारून बाहेर पडतो, म्हणून टाकीला घट्ट झाकण हवेच.

टिनफॉइल बार्ब आणि बाला शार्क: दोन्ही थव्याने राहणारे, वेगवान आणि एक फुटापर्यंत वाढणारे. नावात शार्क असले तरी बाला हा रोहू-कटल्याच्या कुळातला मासा आहे. हे दोन्ही ऑस्करसोबत निभावतात, पण सहा फुटांची टाकी असेल तरच. चार फुटांच्या टाकीत त्यांना वळायलाही जागा उरत नाही.

विचार करून घ्यावेत असे

सकर: ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून दुकानदार सर्वात आधी हाच पुढे करतात. काचेवरचे शेवाळ तो लहानपणी खातो हे खरे. पण तो माशांची विष्ठा खात नाही, उलट स्वतःच भरपूर घाण करतो. दीड फुटापर्यंत वाढतो. कधी कधी संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखतो, त्यामुळे जखमा होतात. टाकी मोठी असेल तर एक सकर चालतो. सफाई कामगार म्हणून मात्र घेऊ नये.

ब्लड पॅरट: हा माणसाने तयार केलेला संकर आहे. त्याचे तोंड पूर्ण मिटत नाही, त्यामुळे तो चावून फारशी इजा करू शकत नाही. पण स्वतःचा बचावही करू शकत नाही आणि खाण्याच्या शर्यतीत मागे पडतो. शांत ऑस्करसोबत वर्षानुवर्षे राहिलेले पॅरट दिसतात, आणि महिन्याभरात पर फाटलेलेही दिसतात.

दुसरा ऑस्कर: ऑस्करचा सर्वात चांगला सोबती ऑस्करच, असे अनेकांचे मत असते. लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन ऑस्कर सहसा जमवून घेतात. अडचण अशी, की नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. जोडी जमली तर ती सपाट दगडावर हजारभर अंडी घालते आणि राखणीच्या काळात बाकी सगळ्या माशांना एका कोपऱ्यात ढकलते. जोडी जमली नाही तर एक दुसऱ्याला छळतो.

सिल्व्हर अरोवाना: वरच्या थरात राहतो म्हणून जोडी सुचवली जाते. पण तो तीन फुटांचा होतो. सहा बाय दोन फुटांची टाकीही त्याला अखेरीस अपुरी पडते. घरगुती टाकीसाठी हा सोबती नाहीच.

टाळावेत असे

• गप्पी, मॉली, प्लॅटी, टेट्रा, झेब्रा: खाल्ले जातात.
• एंजल: एकाच कुळातला आणि एकाच खोऱ्यातला असला तरी संथ, नाजूक आणि लांब परांचा असल्याने टिकत नाही.
• गोल्डफिश: थंड पाण्याचा मासा, त्यात संथ. ऑस्करला खाद्य म्हणूनही देऊ नये. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज हे विकर असते, ते ‘ब’ गटातले एक जीवनसत्त्व नष्ट करते. शिवाय खाद्यासाठी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या माशांबरोबर रोगही टाकीत येतात.
• फ्लॉवरहॉर्न: टाकीत एकटाच ठेवण्याचा मासा.
• आफ्रिकन सिक्लिड: पाणी वेगळे, स्वभाव तिखट.
• रेड टेल कॅटफिश: तीन इंचांचे पिल्लू गोंडस दिसते, पण पूर्ण वाढ तीन फुटांच्या पुढे जाते. काही महिन्यांत तोच ऑस्करला गिळू शकतो.

टाकी किती मोठी हवी?

टाकीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणावी आणि आलेल्या आकड्याला २८ ने गुणावे. साधारण तितके लिटर पाणी मावते.

• २ × १ × १ फूट: सुमारे ५६ लिटर. ऑस्करसाठी नाही, पिल्लासाठीही फार तर दोन-तीन महिने.
• ४ × १.५ × १.५ फूट: सुमारे २५० लिटर. एक ऑस्कर, एकटा.
• ४ × २ × २ फूट: सुमारे ४५० लिटर. एक ऑस्कर आणि एक सेव्हरम किंवा एक बिचिर.
• ५ × २ × २ फूट: सुमारे ५६० लिटर. एक ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर, तळाशी एक बिचिर.
• ६ × २ × २ फूट: सुमारे ६७० लिटर. दोन ऑस्कर आणि सहा सिल्व्हर डॉलर, किंवा एक ऑस्कर आणि बाला अथवा टिनफॉइलचा छोटा थवा.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे सहा फुटी टाकी काच, वाळू आणि स्टँड धरून पाऊण टनाच्या वर जाते. तळमजल्यावरच्या फरशीला हे झेपते. इमारतीतल्या वरच्या मजल्यावर टाकी भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावी आणि आधी जाणकार अभियंत्याला विचारावे. जुन्या इमारतीत हे टाळणेच शहाणपणाचे.

पाण्याचे गणित

माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा कमी घातक. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधीच ऑस्कर आणि त्याचे सोबती एकदम सोडले, तर मासे भांडून नाही, अमोनियाने मरतात. दोष मात्र बिचाऱ्या सोबत्याला दिला जातो.

फिल्टर तासाला टाकीतले पाणी किमान पाच-सहा वेळा फिरवणारा असावा. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलू नये आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा.

वसई-विरार महापालिकेचे पाणी सूर्या, उसगाव आणि पेल्हार येथून येते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी ते पिंपात दिवसभर उघडे ठेवावे किंवा क्लोरीन मारणारे औषध वापरावे. पाणी कमी पडते तेव्हा टँकर, बोअर किंवा विहिरीचा आधार घेतला जातो. खाडीजवळच्या बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असते. आज नळाचे आणि उद्या मचूळ पाणी असा बदल माशांना सर्वात जास्त त्रास देतो. नवा स्रोत वापरायचा झाल्यास आधी चाचणी पट्टीने पाणी तपासावे आणि थोडे थोडे मिसळावे.

एप्रिल-मेमध्ये येथे टाकीतले पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मोठ्या माशांना तो जास्त लागतो. त्यामुळे ज्या टाकीत जानेवारीत सगळे सुखाने नांदतात, त्याच टाकीत मे महिन्यात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. हवेचा पंप वाढवावा, खाणे कमी करावे. पावसाळ्यात वीज जाण्याची तयारीही हवी. जुलै २०१८ च्या पुरात वसईतल्या अनेक भागांत वीज बंद होती. भरगच्च टाकी विजेविना काही तासही तग धरत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

नवे मासे सोडताना

१. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. अंगावर पांढरे ठिपके, चिकटलेले पर, फुगलेले पोट दिसते का ते पाहावे.
२. शक्य असेल तर सोबती आधी आणि ऑस्कर शेवटी सोडावा. ऑस्कर आधीच असेल तर टाकीतले दगड-लाकडे हलवून मांडणी बदलावी, म्हणजे जुनी हद्द पुसली जाते.
३. सोडण्याआधी ऑस्करला खाऊ घालावे आणि दिवे बंद ठेवावेत.
४. पहिले दोन दिवस लक्ष ठेवावे. एकदा-दोनदा पाठलाग होणे साहजिक आहे. पर फाटणे, खवले उडणे, एखादा मासा कोपऱ्यात दबून राहणे किंवा खाणे सोडणे ही वेगळे करण्याची वेळ आल्याची खूण आहे.
५. मासे वेगळे करण्यासाठी जाळीची फळी किंवा दुसरी टाकी आधीच तयार असावी.

खाणे टाकीच्या दोन टोकांना टाकावे, म्हणजे सोबत्यांनाही वाटा मिळतो. रोजच्या खाण्यात चांगल्या प्रतीच्या गोळ्या असाव्यात. सोललेली ताजी कोळंबी अधूनमधून चालते. खारवलेली सुकी मासळी देऊ नये.

नेहमीचे प्रश्न

लहानपणापासून एकत्र ठेवले तर ऑस्कर छोट्या माशांना खाणार नाही का?
खातो. ओळखीचा मासा म्हणून तो कोणाला सोडत नाही. तोंडात मावू लागला की खातो.

टाकी लहान ठेवली तर मासा लहानच राहतो का?
नाही. घाण पाण्यामुळे आणि कोंडीमुळे त्याची वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकतो, आयुष्य कमी होते. हा आजार आहे, सोय नव्हे.

ऑस्करला एकटे ठेवणे क्रूर आहे का?
नाही. ऑस्करला थव्याची गरज नसते. घरातल्या माणसांकडे त्याचे भरपूर लक्ष असते. लहान टाकीत सोबत्यांसह राहण्यापेक्षा पुरेशा टाकीत एकटा ऑस्कर अधिक निरोगी राहतो.

मासा मोठा झाला आणि ठेवता येत नसेल तर?
विकत घेतानाच दुकानदाराला विचारावे, की मोठा झाल्यावर परत घेणार का. अनेक दुकाने मोठा ऑस्कर बदलून घेतात. मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला देता येतो. बावखल, विहीर, तलाव किंवा खाडीत मात्र सोडू नये.

बावखलात सोडला तर काय बिघडते?

वसईची बावखले पावसाचे पाणी साठवतात, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देतात आणि पिढ्यान्‌पिढ्या बागायतीला पाणी पुरवत आली आहेत. त्यांत छोटे देशी मासे, बेडूक आणि कीटक असतात. तेथे सोडलेल्या ऑस्करसाठी हे सगळे खाद्य आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाणथळ भागात ऑस्कर असाच पसरला आणि आता कायमचा स्थायिक झाला आहे. टाकीतून बाहेर सुटलेल्या सकरने भारतात केरळ, आंध्र प्रदेश आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात ठाण मांडले आहे. त्याच्या खरखरीत, काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि खायला त्याला गिऱ्हाईक नसते.

शिवाय मुद्दाम सोडावे लागते असेही नाही. २०१८ च्या केरळच्या महापुरात पाळलेले परदेशी मासे वाहून नद्यांत गेले आणि पुढे मच्छीमारांच्या जाळ्यात अरापायमासारखे अवाढव्य मासे सापडले. वसईतही जोराच्या पावसात बावखले, शेते आणि ओहोळ एक होतात. अंगणातल्या उघड्या हौदात मोठे परदेशी मासे ठेवणाऱ्यांनी पावसाळ्याआधी ते आत घ्यावेत किंवा हौदावर पक्की जाळी बसवावी.

क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ला असो की स्टेशनजवळचे छोटे दुकान, मासा निवडण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: हा पूर्ण वाढल्यावर किती इंचांचा होतो, घरच्या टाकीचे माप अमुक आहे, तिच्यात तो किती दिवस राहील, आणि नाही मावला तर परत घ्याल का? यांतल्या एकाचेही सरळ उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी पिशवी न घेताच घरी यावे.